यादींतलें नांव

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आम्ही इयत्ता आठवीच्या वर्गांत द्वंद्व समास शिकवीत होतों. फळ्यावर 'रामलक्ष्मण' लिहून झालें, 'बहीणभाऊ' लिहून झालें, आणि तिसरें उदाहरण वर्गानें द्यावें म्हणून आम्ही मागें वळलों. तों तिसऱ्या बांकावरील एक विद्यार्थी मान खालीं घालून मोठ्या भक्तिभावानें आपल्या मांडीकडे पाहत असलेला दिसला. समासाविषयीं इतकी एकाग्रता आमच्या वीस वर्षांच्या नोकरींत कोणीं दाखविली नव्हती. तेव्हां संशय येणें प्राप्तच होतें. जवळ जाऊन पाहतों तों मांडीवर इंग्रजी चित्रकथेचें एक जाडजूड पुस्तक! मुखपृष्ठावर तांबड्या-काळ्या वेषांतला, डोळे झांकलेला एक तरुण.

अशा वेळीं शिक्षकाचा हात आपोआप पुढें होतो. जप्त केलेली वस्तु सहामाही परीक्षेनंतर पालकांच्या हातीं द्यावयाची, असा आमच्या वर्गाचा नियम आहे. मुलें बहुधा 'पुन्हा आणणार नाहीं, सर,' अशी गयावया करतात. या मुलानें तसें कांहीं केलें नाहीं. तो हलकेच म्हणाला, "सर, माझें नाहीं तें. दादाचें आहे. आणि दादाला ठाऊक नाहीं."

दादा म्हणजे याच शाळेंत दहावींत शिकणारा त्याचा वडील भाऊ. पुस्तकाच्या आंतल्या पानावर त्याचें नांव होतें, आणि खालीं ठळक अक्षरांत लिहिलें होतें : 'कोणीही हात लावूं नये.' हा 'कोणीही' घरांत एकच असूं शकत होता, हें ओळखण्यास व्याकरणाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशीं पुस्तक परत देण्याचें आम्हीं कबूल केलें, आणि तें पिशवींत टाकून घरीं आलों. रात्रीं पाऊस कोसळत होता, वीज गेली होती, आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पाहून जीव कंटाळला होता. यांतलें शेवटचें कारण तेवढें खरें, हें वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. आम्हीं चार्जिंगचा दिवा उशाशीं ठेविला आणि पुस्तक उघडलें.

चित्रकथा हा प्रकार आम्हांस अगदींच परका नव्हे. आमच्या लहानपणीं 'इंद्रजाल कॉमिक्स' मिळत असत. हें नियतकालिक १९६४ सालीं सुरू झालें आणि १९९० सालीं बंद पडलें. आम्हांस त्याचीं अखेरचीं कांहीं वर्षें तेवढीं लाभलीं. जांभळ्या वेषांतला वेताळ, त्याचा पांढरा घोडा आणि त्याची कवटीच्या आकाराची गुहा यांवर आमचा व आमच्या धाकट्या भावाचा फार जीव. बाबा एका रुग्णालयांत कंपाउंडर होते. त्यांस हीं पुस्तकें मुळींच पसंत नसत. म्हणून आम्ही दोघे एका गोधडीखालीं, एका बॅटरीच्या उजेडांत, एकाच अंकाचीं पानें उलटीत असूं. डावें पान त्यानें धरावयाचें, उजवें आम्हीं. तो हळू वाची. आमचें पान आधीं संपे. आणि त्यावरून गोधडीखालीं जीं युद्धें होत, तीं वेताळानेंही कधीं पाहिलीं नसतील.

परंतु त्या रात्रीं हातांत असलेलें पुस्तक निराळें होतें. पालकवर्गास बॅटमॅन हें नांव ऐकून ठाऊक असेल. तो चार मुलांचा बाप आहे, हें बहुधा ठाऊक नसेल. आम्हांसही नव्हतें. पुढें मुलांनीं जी माहिती पुरविली आणि आम्हीं जी शोधून वाचली, ती मिळून हकीकत अशी :

गॉथम नांवाच्या नगरींत ब्रूस वेन हा धनाढ्य गृहस्थ राहतो. लहानपणीं त्याचे आईबाप त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले. म्हणून तो वटवाघळाचा वेष घेऊन रात्रीं गुन्हेगारांचा पाठलाग करतो. ही कथा १९३९ सालीं सुरू झाली. पुढल्याच वर्षीं तिच्यांत डिक ग्रेसन हा पोरका मुलगा आला. त्याचे आईबाप सर्कशींत झुल्यावर कसरत करणारे. तेही खुनास बळी पडले. ब्रूसनें त्यास घरीं आणलें, वाढविलें आणि 'रॉबिन' हें नांव दिलें. पण रीतसर दत्तक मात्र घेतलें नाहीं. कागदावर तो आश्रितच राहिला. दत्तकाचे कागद झाले २००१ सालीं. म्हणजे वाचकांच्या पंचांगानें ज्येष्ठ पुत्रास 'पुत्र' हा शब्द ऐकावयास एकसष्ट वर्षें लागलीं. घरांत प्रेम असतें, पण तें तोंडानें सांगावयाचें राहून जातें, हा प्रकार केवळ अमेरिकेंतच घडतो असें नाहीं.

दुसरा मुलगा जेसन टॉड. हा १९८३ सालीं आला. पुढें त्याची जन्मकथा बदलून लिहिण्यांत आली. तींत तो बॅटमॅनच्या मोटारीचीं चाकें चोरतांना सांपडतो, आणि बॅटमॅन त्यास शिक्षा करण्याऐवजीं घरीं नेतो! मुलगा तापट, हट्टी. वाचकांस तो फारसा रुचेना. तेव्हां प्रकाशकांनीं १९८८ सालीं एक विलक्षण गोष्ट केली. जोकर नांवाच्या दुष्टानें जेसनला मरणाच्या दारीं आणून सोडलें, आणि तो वांचावा कीं मरावा, याचा कौल टेलिफोनवरून वाचकांकडे मागितला. प्रत्येक फोनास पन्नास सेंट. मरावा म्हणणारे ५,३४३ निघाले. वांचावा म्हणणारे ५,२७१. अवघ्या बहात्तर मतांनीं मुलगा मेला. हा आंकडा वाचल्यावर आम्हीं दिव्याची वात नसतांही ती सारखी करण्यासाठीं हात पुढें केला. इतके आम्ही अस्वस्थ झालों. हट्टी मुलाविषयीं बहुमत कोणत्या बाजूस जातें, हें शिक्षकांच्या खोलींत बसणाऱ्यास नवें नाहीं.

हा जेसन २००५ सालीं कथेंत जिवंत होऊन परत आला. पण भाऊ म्हणून नव्हे, वैरी म्हणून. त्याची तक्रार मोठी विचार करण्याजोगी आहे. मला वांचविलें नाहीं म्हणून त्याचा राग नाहीं. माझ्या खुन्याला तुम्ही अजून जिवंत कसें ठेवलेंत, एवढेंच तो बापास विचारतो. आणि आपल्या जागीं घरांत तिसरा मुलगा येऊन बसला, हें शल्य निराळेंच.

तो तिसरा टिम ड्रेक. हा १९८९ सालीं आला, आणि कोणीं आणला नाहीं, आपण होऊन आला. बॅटमॅन कोण हें त्यानें स्वतःच्या तर्कानें ओळखलें होतें, आणि रॉबिनवांचून तो बिघडत चालला आहे हें पाहून तो दारांत येऊन उभा राहिला. याचा स्वतःचा बाप २००४ सालच्या एका कथेंत मारला जातो. २००६ मध्यें ब्रूस त्यास दत्तक घेतो. आणि त्याच वर्षीं चौथा मुलगा अवतरतो : डेमियन. चौघांमध्यें हाच एकटा ब्रूसचा औरस पुत्र. वय अवघें दहा. मातामह रास अल घुल हा मारेकऱ्यांच्या एका गुप्त संघाचा अधिपति. त्यांच्यांतच हा वाढलेला. आल्या आल्या तो टिमवर हल्ला करून त्यास जबर मारतो. रक्ताचा वारस मी, तुम्ही सारे उपरे, हा त्याचा पहिला सिद्धांत.

इतकें सांगितल्यावर मुख्य प्रसंगाकडे वळण्यास हरकत नाहीं. २००९ सालच्या कथेंत ब्रूस मेला असें सर्व समजतात. थोरला डिक बापाचा वेष धारण करतो, आणि रॉबिनचें पद टिमकडून काढून डेमियनला देतो. त्याचें कारण खोटें नाहीं. तूं आतां माझ्या बरोबरीचा झालास, असें तो टिमला म्हणतो. लहानग्याला मात्र कोणीं हातीं धरलें नाहीं तर तो पुन्हा मारेकरी होईल. पण बरोबरीचा मान मिळालेल्या भावाच्या हातांतून वस्तु मात्र जाते! बाबा मेलेले नाहींत, असें टिम एकटाच म्हणत राहतो. दुःखानें याचें डोकें फिरलें, असें घरचे समजतात. तो 'रेड रॉबिन' हें नांव घेऊन एकटाच युरोपांत आणि इराकच्या वाळवंटांत पुरावा शोधीत हिंडतो. आणि त्याचेंच म्हणणें खरें ठरतें.

मग २०१० सालचा तो भाग येतो. फॅबियन निसिएझा यानें तो लिहिला आहे. आणि आमच्या विद्यार्थ्याच्या मांडीवर तोच उघडा होता. टिमनें पुढेंमागें धोकादायक ठरतील अशा माणसांची एक गुप्त यादी ठेविली आहे. ती डेमियनच्या दृष्टीस पडते. त्या यादींत त्याचें स्वतःचें नांव आहे. टिम उंच इमारतींच्या मधून दोरावरून झेपावत असतां हा दहा वर्षांचा भाऊ तो दोर कापतो. टिम खालीं कोसळतो, दैवानें वांचतो, दोघे प्राणपणानें झुंजतात, डिक येऊन त्यांस सोडवितो.

आम्हीं येथें पुस्तक मिटलें. पुढें वाचवेना. कां वाचवेना, तें पुढें सांगूं.

दुसऱ्या दिवशीं समास बाजूस ठेवून आम्हीं हीच गोष्ट वर्गास सांगितली आणि विचारलें, "दोष कोणाचा? नांव लिहिणाऱ्याचा कीं दोर कापणाऱ्याचा?" जो वर्ग 'देवघर' आणि 'पोळपाट' यांचे विग्रह करतांना डुलक्या घेतो, तो एकदम उठून बसला. बहुतेकांचा कल टिमकडे. "सर, डेमियननें आधीं त्याला मारलें होतें. मग नांव लिहिणार नाहीं तर काय करणार?" असें एकजण म्हणाला. दुसऱ्यानें हिशेब मांडला कीं नांव लिहिल्यानें कोणी मरत नाहीं, दोर कापल्यानें मरतो. हें बिनतोड दिसलें. तेवढ्यांत खिडकीजवळची एक मुलगी, जी एरवीं हजेरीपलीकडे तोंड उघडीत नाहीं, ती उभी राहून म्हणाली, "पण सर, त्याला मारलें तेव्हां तो नवा होता. मग तो डिकजवळ राहिला, सुधारला. नांव मात्र तसेंच. यादींतून नांव काढायचें केव्हां, हें टिमनें ठरवलेंच नव्हतें."

वर्ग क्षणभर गप्प झाला. आम्हीही झालों.

पुस्तक आणणारा मुलगा मग म्हणाला, "सर, टिम हें शिकला कोणाकडून? बाबांकडूनच." त्याचें म्हणणें खरें आहे. २००० सालच्या एका कथेंत असें आढळतें कीं बॅटमॅननें आपल्या सर्व वीर मित्रांस नमविण्याचे उपाय गुप्तपणें लिहून ठेविले होते; कोणी बिघडलाच तर असावेत म्हणून. तीं टिपणें चोरीस गेलीं आणि मित्रांवरच उलटलीं. मित्रांनीं मत घेऊन त्यास मंडळींतून काढून टाकलें. चोरणारा कोण? तर हाच रास अल घुल. एका नातवाच्या आजोबानें बापाचे कागद चोरले, आणि दहा वर्षांनीं त्या नातवाला दत्तक भावाच्या कागदांत आपलें नांव सांपडलें. लेखकांनीं हें योजून केलें कीं कसें, कोण जाणे. पण घराण्यांत खोड उतरते ती अशीच.

त्यानंतर कांहीं आठवडे आम्हांस या विषयाचा नादच लागला. मुलें पुस्तकें आणून देत, आम्ही मधल्या सुटींत डबा खातां खातां वाचीत असूं. भावांचे तंटे या चित्रकथांत पावलोपावलीं आहेत. थॉर आणि लोकी यांची जोडी मुलांस सिनेमामुळें पाठ आहे. मूळ नॉर्स पुराणांत लोकी हा थॉरचा भाऊ नाहींच. ओडिनशीं त्यानें बंधुत्वाची शपथ घेतलेली असते. चित्रकथाकारांनीं १९६२ पासून त्यास थॉरचा भाऊ केलें. आणि पुढें तो शत्रूचा मुलगा, ओडिननें घरीं आणून वाढविलेला, असें दाखविलें. पुराणाचें रूप बदललें तें भाऊबंदकीची गोडी वाढावी म्हणून! असो. आम्हांस त्या जोडीपेक्षां दुसऱ्या दोन अधिक लक्षांत राहिल्या.

एक प्रोफेसर झेवियर आणि त्याचा सावत्र भाऊ. झेवियर दुसऱ्याच्या मनांतलें वाचूं शकतो. १९६५ सालीं आलेल्या त्याच्या या भावाचें नांव लेखकांनीं केन ठेविलें. आपल्या मराठी पवित्र शास्त्रांत ज्याला काइन म्हणतात, तेंच हें नांव. तेव्हां रविवारच्या शाळेंत बसलेल्या कोणासही पुढची कथा सांगावी लागू नये. बाप आपल्या पोटच्या मुलापेक्षां बायकोच्या मुलाला चांगला म्हणतो, आणि केनच्या मनांत विष भरत जातें. पुढें तो अचाट बलाढ्य होतो. वाटेंतली भिंत त्यास अडवूं शकत नाहीं. आणि तरीही त्याच्या डोक्यावर एक मोठें शिरस्त्राण असतें. तें कशासाठीं? मार लागूं नये म्हणून नव्हे. भावानें आपलें मन वाचूं नये म्हणून! आम्हांस तें चित्र विनोदी वाटलें आणि लगेच विनोदी वाटेनासें झालें.

दुसरी जोडी समर्स बंधूंची, स्कॉट आणि ॲलेक्स. आईबापांनीं पेटत्या विमानांतून दोघां पोरांस एकाच छत्रींत बांधून खालीं सोडलें. पुढें मुलें निरनिराळ्या घरीं वाढलीं. मोठेपणीं एकाच्या डोळ्यांतून आणि दुसऱ्याच्या शरीरांतून प्रचंड विध्वंसक शक्ति बाहेर पडते. हे दोघे अनेकदां समोरासमोर उभे ठाकतात. परंतु गंमत ही कीं एकाच्या शक्तीनें दुसऱ्यास इजा होत नाहीं. पर्वत फुटतील, भाऊ जळणार नाहीं. सगळ्या भावांस ही सोय असती तर किती बरें झालें असतें!

आतां आमची गोष्ट.

बाबा अखेरचीं दोन वर्षें अंथरुणावर होते. आम्ही गांवांतच नोकरीस, म्हणून ते आमच्याजवळ. धाकटा भाऊ पुण्यास एका कारखान्यांत. तो दरमहा पैसे पाठवी. कधीं वेळेवर, कधीं उशिरां. बाबांस आयुष्यभर पै-पैचा हिशेब लिहिण्याची संवय. आमच्या शाळेची फी, भावाच्या चष्म्याची किंमत, आईच्या औषधांचा खर्च, सारें त्यांच्या वहींत. त्यांच्यानें लिहिणें होईना तेव्हां आम्हीं एक निळ्या पुठ्ठ्याची वही घातली. डाव्या पानावर आमचा खर्च, उजव्या पानावर त्याचा. गोधडीखालीं पानें धरलीं होतीं त्याच्या नेमकें उलट, हें आज लिहितांना ध्यानांत येतें. त्याच्या पानावर आम्हीं त्याचें नांवसुद्धां लिहिलें नव्हतें. 'तो' असें लिहिलें होतें. आणि वहीच्या शेवटीं एक वेगळी नोंद ठेविली होती : 'येतों म्हणाला, आला नाहीं.' त्याखालीं तारखा. सात तारखा.

ती वही आम्हीं कोणास दाखविण्यासाठीं ठेविली नव्हती. मग कशासाठीं ठेविली होती? हा प्रश्न आम्हीं तेव्हां स्वतःस विचारला नाहीं. पुढेंमागें कामास येईल, एवढेंच मनांत होतें.

बाबा २०१९ सालीं गेले. मातीच्या दिवशीं रात्रीं पाहुण्यांस कळविण्यासाठीं नांवें लिहावयाचीं होतीं, म्हणून भाऊ कागद शोधीत कपाटाशीं गेला. आम्ही दाराशीं आलों तेव्हां तो दिव्याखालीं ती वही घेऊन उभा होता. त्यानें चारपांच पानें उलटलीं. शेवटचें पान पाहिलें. मग वही होती तशी, त्याच जागीं, त्याच बाजूनें ठेवून दिली, आणि एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर पाहुण्यांचीं नांवें लिहावयास बसला. आमच्याकडे त्यानें पाहिलें नाहीं. आम्हीही आंत गेलों नाहीं. दोन पावलें टाकावयाचीं होतीं. तीं टाकलीं असतीं तर काय बोललों असतों, तें अजूनही सांगतां येत नाहीं.

सहाव्या दिवशीं आमच्या बँकेच्या खात्यांत १८,६४० रुपये जमा झाले. दोन्ही पानांच्या बेरजांतला फरक तेवढाच होता. सोबत एक अक्षर नाहीं. दोर असाही कापतां येतो.

त्याचा आम्हांस राग आला, हेंही कबूल केलें पाहिजे. हिशेब दाखवून पैसे मागावे इतके का आम्ही हलके? असें आम्हीं आमच्या मंडळींस अनेकदां ऐकविलें. त्या कांहीं बोलत नसत. पुढें सुमारें दीड वर्षानें औषधांच्या दुकानीं आम्ही खोकल्याचें औषध घेण्यास गेलों. दुकानदार सहज म्हणाला, "धाकटे भाऊ कसे आहेत? बाबांच्या इंजेक्शनांचे पैसे दर महिन्याला पुण्याहून वेळेवर पाठवायचे. एक महिना चुकला नाहीं." आम्ही काउंटरास हात टेकून उभे राहिलों. इंजेक्शनें स्वस्त पडत होतीं, हें आम्हांस ठाऊक होतें. बाबांच्या जुन्या ओळखीमुळें दुकानदार सवलत देतो, अशी आमची समजूत होती. वहींत त्या रकमांस जागाच नव्हती. आणि तरीही त्यानें १८,६४० रुपये भरले. नोंद चुकीची आहे, असें एक वाक्य तो बोलूं शकला असता. बोलला नाहीं.

औषध घेऊन घरीं आलों तेव्हां फोन करावा असें मनांत आलें. केला नाहीं. आज करूं, उद्यां करूं, म्हणतां म्हणतां वर्षें गेलीं. वाढदिवसाचे आणि नाताळचे संदेश तेवढे येत-जात राहिले. तेही फुलांचीं चित्रें असलेले, तयार. म्हणूनच त्या पावसाळी रात्रीं डेमियनला यादींत आपलें नांव सांपडलें तेव्हां आम्हीं पुस्तक मिटलें होतें.

कथेंत पुढें या कुटुंबाचें काय होतें, तें मुलांनीं आम्हांस सांगितलें. २०१२-१३ च्या एका कथेंत जोकर सर्वांस पकडून एका मेजाभोंवतीं बसवितो. त्यानें त्यांस भयंकर इजा केली आहे असें भासवितो. प्रत्यक्षांत तसें कांहीं केलेलें नसतें. बाप तुमच्यापासून गोष्टी लपवितो, एवढेंच तो त्यांच्या मनांत भरवितो, आणि तें मात्र खरें असतें. सारे सुखरूप सुटतात. शेवटीं ब्रूस मुलांस घरीं बोलावतो. बसून बोलूं, म्हणतो. कोणी येत नाहीं. प्रत्येकाला कांहीं ना कांहीं काम निघतें. ज्यांच्या घरीं मोठे सण फोनवर साजरे होतात, त्यांस या पानावर विशेष टीप नको.

तें जप्त पुस्तक धाकट्यास परत देण्याचें ठरलें होतें. पण वर्गांत वादविवाद झाला त्याच दिवशीं मधल्या सुटींत त्याचा वडील भाऊ शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. बातमी शाळेंत फिरली होती. आम्हीं जरा कठोर चेहरा केला, कारण धाकट्याची बाजू घ्यावी लागेल असें वाटलें. मुलगा म्हणाला, "सर, पुस्तक त्यालाच द्या. आणि मला कळलें आहे, हें त्याला सांगूं नका."

"म्हणजे तो नेतो हें तुला ठाऊक आहे?"

"पहिल्यापासून, सर. त्याचा हात पोंचावा म्हणून मी तें खालच्या फळीवर ठेवतों."

"मग 'कोणीही हात लावूं नये' असें लिहिलेंस तें?"

तो किंचित् हसला. "तसें लिहिलें नसतें, तर त्यानें वाचलेंच नसतें, सर."

आम्हीं पुस्तक धाकट्यास दिलें. आम्हीं कांहीं सांगितलें नाहीं. सांगणें आतां या लेखानें होत आहे, याबद्दल त्या दोघांची क्षमा मागतों. त्यांचीं नांवें मात्र आम्हीं कोठेंही लिहिलेलीं नाहींत.

त्याच सायंकाळीं आम्हीं पुण्यास फोन लावला. एका घंटेंत त्यानें उचलला, आणि त्याचा पहिला शब्द भीतीचा होता. "दादा? काय झालें? घरीं सगळीं बरीं आहेत ना?" आमचा फोन आला म्हणजे कोणी तरी गेलें असणार, इतपत वेळ आम्हीं दोघांनीं आणून ठेविली होती.

कांहीं झालें नाहीं, असें सांगितलें. मग काय बोलावें तें सुचेना. वहीचा विषय ओठांपर्यंत आला आणि मागें गेला. आम्हीं विचारलें, "आपल्या वेताळाचा तो एक अंक होता, शेवटचीं पानें फाटलेला. तो तुझ्याकडे आहे का रे?"

"माझ्याकडे? दादा, तो तूं नेलास. कॉलेजला गेलास तेव्हां ट्रंकेंत घालून. मी किती शोधला!"

आम्हीं नेला नव्हता. आमची तीस वर्षांची समजूत अशी कीं तो त्यानें लपविला. बरोबर तितकींच वर्षें त्याची समजूत अशी कीं तो आम्हीं नेला. दोघेही फोनवर गप्प झालों, आणि मग तो हसूं लागला; लहानपणीं गोधडीखालीं तोंड दाबून हसत असे, तसाच. बाबांनींच तो रद्दींत घातला असणार, यावर आमचें एकमत झालें. बाबांच्या वहींत रद्दीचीही नोंद असे, असें तो म्हणाला. 'वही' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला आणि दोघांसही ऐकूं आला. मग त्यानें पावसाची चौकशी केली.

हा लेख छपाईस जाईल तेव्हां नाताळ यावयाचा असेल. नाताळांत येतों, असें तो म्हणाला आहे. निळी वही कपाटांत त्याच जागीं आहे. ही तारीख आम्हीं तींत लिहिलेली नाहीं.